गाडीच्या साऊंड सिस्टिमसाठी ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर : नवख्यांनी पैसे खर्च करण्याआधी काय ठरवावं?

नवी गाडी घरी आली की काही महिन्यांत घरातला एखादा तरुण म्हणतोच, "कंपनीच्या स्पीकरमध्ये दम नाही, सिस्टिम बदलू या." मग मोबाईलवर व्हिडिओ बघणं सुरू होतं आणि त्यात ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर, डीएसपी, टाइम अलाइनमेंट असे शब्द कानावर पडतात. दुकानात गेल्यावर दुकानदार त्याच्याकडचा माल दाखवतो. आज स्पीकर, पुढच्या महिन्यात ॲम्प्लिफायर, त्यानंतर सबवूफर असं करत पैसे जातात. शेवटी कळतं की घेतलेल्या वस्तू एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या परत विकाव्या लागतात.

या लेखात आम्ही ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर म्हणजे काय, तो कोणाला लागतो, त्यासाठी खरेदी कोणत्या क्रमाने करायची आणि नवख्या माणसाच्या हातून स्पीकर किंवा गाडी कुठे खराब होते, हे सांगणार आहोत. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, आधी कागदावर चॅनेल मोजा, मग दुकानात जा.

क्रॉसओव्हरचं काम काय?

माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. इतका मोठा पट्टा एकच स्पीकर नीट वाजवू शकत नाही. म्हणून कामं वाटून दिलेली असतात. दारातला साडेसहा इंची मिडवूफर खालचा आणि मधला आवाज वाजवतो, लहानसा ट्वीटर वरचा बारीक आवाज वाजवतो आणि डिकीतला किंवा सीटखालचा सबवूफर सगळ्यात खालचा, म्हणजे ढोलासारखा भारी आवाज सांभाळतो.

कोणता आवाज कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे क्रॉसओव्हर. रेल्वेच्या रुळांना जसा सांधा असतो, आणि तो बदलला की गाडी ठरलेल्या रुळावर जाते, तसंच हे काम आहे.

ही वाटणी दोन प्रकारे होते.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर : कंपोनंट स्पीकरच्या सेटसोबत दोन लहान डब्या मिळतात. त्यात कॉइल आणि कपॅसिटर असतात. ही डबी ॲम्प्लिफायरच्या नंतर, स्पीकरच्या आधी बसते. म्हणजे आवाज आधी मोठा होतो, मग वाटला जातो. वाटणी कुठे होणार हे कारखान्यातच ठरलेलं असतं. फार तर ट्वीटरचा आवाज थोडा कमी-जास्त करायची सोय असते.

ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर : इथे वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच होते. सिग्नल बारीक असतानाच त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा ॲम्प्लिफायरच्या स्वतंत्र चॅनेलमधून थेट एकाच स्पीकरला जातो. हल्ली हे काम बहुतेक करून डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर करतो. स्टिरिओमध्ये, ॲम्प्लिफायरमध्ये किंवा वेगळ्या डबीत, असा कुठेही तो असू शकतो.

फरक इथे पडतो. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज, त्याची कापण्याची जागा आणि तो कानापर्यंत कधी पोहोचणार, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. पॅसिव्हमध्ये हे जमत नाही. मात्र पॅसिव्ह डबी चुका पोटात घालते. ॲक्टिव्हमध्ये चूक झाली की ती थेट स्पीकरवर जाते.

तुम्हाला हे खरंच हवं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. घरची गाडी सगळ्यांची असते. अब्बांना बातम्या आणि बयान ऐकायचं असतं, अम्मींना नात किंवा जुनी कव्वाली, मुलांना त्यांची गाणी. या सगळ्यासाठी चांगला कंपोनंट सेट, त्याची पॅसिव्ह डबी आणि दारांचं नीट केलेलं काम पुरेसं ठरतं. तेवढ्यानेच कंपनीच्या स्पीकरपेक्षा खूप फरक पडतो.

ॲक्टिव्हकडे वळायचं ते या तीन गोष्टी असतील तर :

• आवाज उजव्या दारातून नव्हे, समोर डॅशबोर्डवरून आल्यासारखा हवा आहे.
• सेटिंग शिकायची तयारी आहे, किंवा सेटिंग नीट करणारा माणूस जवळपास आहे.
• बजेट एकदम नसलं तरी टप्प्याटप्प्याने उभं करता येईल.

फक्त "आवाज मोठा पाहिजे" एवढंच मनात असेल तर ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिलं काम : चॅनेल मोजा

ॲक्टिव्हमध्ये नियम सोपा आहे. जितके स्पीकर स्वतंत्र चालवायचे, तितके ॲम्प्लिफायरचे चॅनेल आणि तितकेच डीएसपीचे आउटपुट.

नवख्या माणसासाठी आम्ही ही रचना सुचवतो :

• डावा ट्वीटर – १ चॅनेल
• उजवा ट्वीटर – १ चॅनेल
• डावा मिडवूफर – १ चॅनेल
• उजवा मिडवूफर – १ चॅनेल
• सबवूफर – १ चॅनेल

एकूण पाच. म्हणजे पाच चॅनेलचा एक ॲम्प्लिफायर, किंवा चार चॅनेलचा एक आणि सबवूफरसाठी एक चॅनेलचा (मोनोब्लॉक) दुसरा. डीएसपीला निदान सहा आउटपुट असावेत.

मागच्या दारातले कंपनीचे स्पीकर काढू नका. ते मूळ स्टिरिओवर हळू आवाजात चालू राहू शकतात, किंवा सध्या बंद ठेवता येतात. त्यांच्यासाठी सुरुवातीलाच वेगळे चॅनेल विकत घ्यायची गरज नाही. समोर तीन-तीन स्पीकरची थ्री-वे रचना ऐकायला आकर्षक वाटते, पण तिथे चॅनेल सात होतात आणि सेटिंगही दुप्पट अवघड होतं. पहिल्याच वेळी त्यात पडू नये.

खरेदीतले चार सापळे

१. डब्यावरचे वॅट. डब्यावर "१००० वॅट" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा पाहू नका, आरएमएस वॅट पाहा. पडताळायचं असेल तर ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज बघा. फ्यूज २० ॲम्पियरचा असेल आणि गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ असेल, तर आत जाणारी वीजच २७६ वॅट होते. आत २७६ वॅट जात असताना बाहेर १००० वॅट सतत कसे येतील?

२. ॲम्प्लिफायरमधला फिल्टर. "याच्यात ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर आहे," असं दुकानदार सांगतो आणि ते खोटंही नसतं. पण बऱ्याच चार चॅनेलच्या ॲम्प्लिफायरमधला हाय-पास फिल्टर काहीशे हर्ट्झपर्यंतच जातो. ट्वीटरला तर २,५००–३,५०० हर्ट्झच्या आसपास कापावं लागतं. अशा ॲम्प्लिफायरवर ट्वीटर थेट जोडला तर तो जळणार. माहितीपत्रकात फिल्टर कुठपर्यंत जातो हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. कंपनीचा स्टिरिओ. नव्या गाड्यांत टचस्क्रीनवरच कॅमेरा, सेन्सर आणि गाडीच्या सेटिंग असतात. ती काढणं परवडत नाही. अशा वेळी "हाय-लेव्हल इनपुट" असलेला डीएसपी घ्या. तो स्पीकरच्या वायरमधूनच सिग्नल उचलतो. काही कंपन्यांचे स्टिरिओ आवाज वाढवला की बास आपोआप कमी करतात. डीएसपी लावण्याआधी हे तपासून घ्या, कारण मूळ सिग्नलमध्येच जे कापलं गेलंय ते पुढे पूर्णपणे परत आणता येत नाही.

४. वायर. बाजारात स्वस्त वायर मिळते ती अनेकदा ॲल्युमिनियमची असते आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा असतो. शुद्ध तांब्याच्या वायरएवढी वीज ती वाहून नेत नाही. तांब्याचीच वायर मागा. दुकानात "ओएफसी" म्हटलं की कळतं.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत गाडीचं सामान घेताना आधी दोन-तीन दुकानं फिरा आणि लेखी बिल घ्या. मल्टिमीटर, कपॅसिटर, कनेक्टर अशा किरकोळ गोष्टी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात.

सगळं एकदम नको : तीन टप्पे

टप्पा १ : दारं आणि स्पीकर. गाडीचं दार म्हणजे मिडवूफरची पेटी. पत्रा थरथरत असेल तर कितीही महागडा स्पीकर पत्र्याचाच आवाज देईल. दाराच्या पत्र्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावा, मोठी छिद्रं बंद करा आणि स्पीकर मजबूत रिंगवर बसवा. इथे कोकणातल्या, मुंबईतल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. रिंग एमडीएफची असेल तर ती दोन पावसाळ्यांत फुगते. मरीन प्लाय किंवा प्लास्टिकची रिंग बरी. स्पीकर कंपोनंट सेटचेच घ्या आणि सध्या त्यांची पॅसिव्ह डबी वापरा. ट्वीटर आणि मिडवूफर वेगळे असले की पुढे ॲक्टिव्ह करताना फक्त डबी काढावी लागते.

टप्पा २ : ॲम्प्लिफायर आणि वायरिंग. पुढे लागणाऱ्या पाच चॅनेलचा हिशेब करूनच ॲम्प्लिफायर घ्या आणि पॉवरची वायर एकदाच जाड टाका. आज बारीक वायर टाकली तर पुढच्या वर्षी सगळं कार्पेट परत उचलावं लागेल.

टप्पा ३ : डीएसपी आणि सबवूफर. आता पॅसिव्ह डबी काढायची आणि ॲक्टिव्हवर जायचं. सबवूफरसाठी बंद पेटी घ्या. भोकवाली म्हणजे पोर्टेड पेटी जोरात वाजते खरी, पण तिच्या ठरलेल्या मर्यादेखालचा आवाज आला की कोन मोकाट हलतो आणि सबवूफर खराब होऊ शकतो.

टप्प्यांमध्ये काही महिने गेले तरी बिघडत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर आवाज ऐका. कदाचित पहिल्या टप्प्यावरच घरचे समाधानी होतील आणि पुढचा खर्च वाचेल.

वायरिंग : इथे काटकसर नको

साऊंड सिस्टिममधली सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे बॅटरीपासून मागे जाणारी पॉवरची वायर. ती कुठे घासून पत्र्याला लागली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर गाडीला आग लागू शकते.

एक हिशेब करू. पुढचे चार चॅनेल प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ३०० वॅट. सबवूफर २५० वॅट. एकूण ५५० वॅट. क्लास-डी ॲम्प्लिफायर आत आलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के वापरतो असं धरलं तर त्याला सुमारे ६९० वॅट लागतील. १३.८ व्होल्टने भागलं की ५० ॲम्पियर. यासाठी ४ गेजची (सुमारे २१ चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर आणि ६० ॲम्पियरचा मुख्य फ्यूज ठीक. गाणी ऐकताना सरासरी वीज याच्या बरीच खाली असते, तरी वायर मात्र पूर्ण हिशेबाने घ्यायची.

हे नियम पाळा :

• काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
• मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लावा. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो.
• इंजिनाकडून केबिनमध्ये वायर येते तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवंच.
• अर्थिंगची वायर आखूड ठेवा. रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवा.
• पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्या. नाहीतर इंजिनाची रेस वाढली की स्पीकरमधून किंईं असा आवाज येतो.
• फ्यूज उडाला तर कारण शोधा. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीच लावू नका.

एअरबॅगबद्दल खास सूचना. पुष्कळ जण ट्वीटर पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर बसवतात. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग आहेत त्यांत ती याच भागातून उघडते. तिथे बसवलेला ट्वीटर अपघाताच्या वेळी एअरबॅगच्या आड येऊ शकतो किंवा थेट अंगावर फेकला जाऊ शकतो. खांबावर "एअरबॅग" असं लिहिलेलं असेल तर तिथे हात लावू नका. ट्वीटर कंपनीच्या मूळ जागीच बसवा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, तेही सोडू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका. मूळ सॉकेटमध्ये बसणारे कपलर मिळतात, ते वापरा. बाहेरून बसवलेली सिस्टिम चोरीला गेली तर भरपाई मिळावी म्हणून ती विमा पॉलिसीत जादा ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या. तिथे बिल लागतं.

कापायचं कुठे? सुरुवातीचे आकडे

फिल्टरला दोन आकडे द्यावे लागतात, कुठे कापायचं आणि किती उभं कापायचं. दुसऱ्याला स्लोप म्हणतात. तो "प्रति ऑक्टेव्ह इतके डेसिबल" असा मोजतात. ऑक्टेव्ह म्हणजे दुप्पट किंवा निम्मं : ३,००० हर्ट्झच्या खालचा एक ऑक्टेव्ह म्हणजे १,५०० हर्ट्झ.

ट्वीटर ३,००० ला १२ डेसिबलच्या स्लोपने कापला तर १,५०० हर्ट्झला त्याच्याकडे साधारण सोळावा हिस्सा ताकद पोहोचते. २४ डेसिबलच्या स्लोपने कापला तर साधारण अडीचशेवा हिस्सा. ट्वीटर वाचवायचा असेल तर नवख्याने २४ च ठेवावा.

डीएसपीमध्ये "लिंकविट्झ-रायली" असं नाव दिसेल. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली असं काही शोधत बसू नका. हे दोघे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतले अभियंते होते आणि १९७६ मध्ये लिंकविट्झ यांच्या निबंधातून ही पद्धत पुढे आली, एवढं पुरे. तिची खुबी अशी की कापण्याच्या जागी दोन्ही स्पीकर निम्म्या व्होल्टेजवर असतात आणि दोन्ही मिळून आवाज सपाट राहतो, मध्ये फुगवटा येत नाही.

सुरुवातीला हे आकडे टाका :

• सबवूफर : ८० हर्ट्झच्या खाली, २४ डेसिबल
• मिडवूफर : ८० ते ३,००० हर्ट्झ, दोन्हीकडे २४ डेसिबल
• ट्वीटर : ३,००० हर्ट्झच्या वर, २४ डेसिबल

ट्वीटरच्या माहितीपत्रकात "एफएस" हा आकडा असतो. कापण्याची जागा त्याच्या निदान दुप्पट असावी. एफएस १,२०० असेल तर २,४०० च्या खाली जायचं नाही. एफएस १,८०० असेल तर ३,६०० च्या वर राहा.

ही जागा महत्त्वाची आहे, कारण माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता याच पट्ट्यात असते. स, श, च, त यांसारखे उच्चार इथे आणि याच्या वर असतात. जोड नीट बसली नाही तर तिलावत असो की बातम्या, आवाज मोठा असूनही शब्द कळत नाहीत. म्हणून सेटिंग तपासायला नुसती ढिंगचॅक गाणी लावू नका. एकट्या माणसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा.

पहिल्यांदा चालू करताना

ॲक्टिव्ह सिस्टिममधले ट्वीटर बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत जळतात. कारण एकच, मिडवूफरची वायर चुकून ट्वीटरला लागलेली असते किंवा डीएसपीत फिल्टर टाकायचा राहिलेला असतो. ते टाळायला असं करा :

१. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा : "डावा ट्वी", "उजवा मिड" वगैरे.
२. आधी डीएसपीत सगळे फिल्टर टाका आणि सेव्ह करा. तोवर ट्वीटर जोडू नका.
३. ट्वीटरच्या वायरला एखादा जुना, टाकाऊ स्पीकर जोडा आणि हळू आवाजात गाणं लावा. फक्त बारीक, च्स-च्स असा आवाज यायला हवा. ढोल किंवा भरदार आवाज आला तर काहीतरी चुकलंय.
४. खात्री झाली की सिस्टिम बंद करून ट्वीटर जोडा.

आणखी एक कवच हवं असेल तर ट्वीटरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावा. ४ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण ८५० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवू लागतो. आपली कापण्याची जागा ३,००० ला असल्यामुळे आवाजात फारसा फरक पडत नाही, पण सिस्टिम चालू-बंद होतानाचा "ठप्" आवाज ट्वीटरपर्यंत पूर्ण ताकदीने जात नाही.

मिडवूफर उलटा जोडला गेलाय का, हे दीड व्होल्टच्या घड्याळाच्या सेलने कळतं. ॲम्प्लिफायरपासून वायर सोडवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर बरोबर. हा प्रयोग ट्वीटरवर करायचा नाही.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

ॲम्प्लिफायरवरचं "गेन" पुरं फिरवलं की जास्त ताकद मिळते, हा गैरसमज आहे. स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवून घेण्यासाठी ते असतं. गरजेपेक्षा जास्त फिरवलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज स्पीकर तापवतो.

मिडवूफरसाठी पद्धत अशी. स्पीकर सोडवा. स्टिरिओचा आवाज कमालपैकी तीन-चतुर्थांशवर ठेवा आणि ४०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला लावा. ७५ वॅट आणि ४ ओहम असेल तर ७५ गुणिले ४, म्हणजे ३००. त्याचं वर्गमूळ साधारण १७.३. मीटरवर १७.३ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. ट्वीटरचे चॅनेल त्याच खुणेवर किंवा त्याहून कमी ठेवा आणि मग डीएसपीतून त्यांचा आवाज खाली आणा. ट्वीटर कमी ताकदीतही जोरात वाजतात.

टाइम अलाइनमेंट : फुटपट्टी घ्या

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजवा मिडवूफर गुडघ्यापाशी आणि डावा पलीकडच्या दारात. जवळचा आवाज आधी पोहोचतो म्हणून सगळं गाणं उजव्या दारातूनच येतंय असं वाटतं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवायचं.

डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. सगळ्यात लांबच्याला शून्य द्या. त्याच्या अंतरातून बाकीच्यांचं अंतर वजा करून ३४.३ ने भागा. उदाहरणादाखल :

• सबवूफर १७० सेंमी – ० मिलिसेकंद
• डावा मिडवूफर १३५ सेंमी – १.०२
• डावा ट्वीटर ११५ सेंमी – १.६०
• उजवा ट्वीटर ८५ सेंमी – २.४८
• उजवा मिडवूफर ७५ सेंमी – २.७७

आकडे बरोबर बसले की गाणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डवरून येऊ लागतो. ॲक्टिव्हवर केलेल्या खर्चाचा खरा मोबदला इथे मिळतो.

पण हे सेटिंग एकाच सीटसाठी असतं. शेजारी बसलेल्याला ते विचित्र वाटतं. बहुतेक डीएसपीत एकापेक्षा जास्त सेटिंग साठवता येतात. पहिलं ड्रायव्हरसाठी ठेवा. दुसरं घरच्या सगळ्यांसाठी, डावी-उजवीकडचा हा फरक काढून. म्हणजे प्रवासात कुरबुर होत नाही.

शेवटी इक्वलायझर, आणि तोही बेताने

क्रम चुकवू नका : आधी क्रॉसओव्हर, मग प्लस-मायनसची तपासणी, मग प्रत्येक स्पीकरचा आवाज, मग टाइम अलाइनमेंट आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर. कॉम्प्युटरवर रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन जोडला की गाडीत कोणता आवाज फुगतोय ते आलेखात दिसतं. फुगलेलं खाली आणा. आलेखात खड्डा दिसला तर तो भरायच्या नादी लागू नका. बहुतेक खड्डे काचेवरून आणि डॅशबोर्डवरून परतणाऱ्या आवाजामुळे पडतात, आणि कितीही ताकद ओतली तरी ते पूर्ण भरत नाहीत.

कान आणि शेजारी

चांगली सिस्टिम फाटत नाही, म्हणून आवाज किती वाढलाय हे कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मागे मूल बसलं असेल तर सबवूफर त्याच्या जवळ असतो, हे विसरू नका. रुग्णवाहिकेचा सायरन आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गल्लीत रात्री सबवूफर वाजवणं शेजाऱ्यांना तर आवडत नाहीच, कायद्यालाही चालत नाही.

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा

• मला स्वतंत्र किती स्पीकर चालवायचे आहेत? म्हणून किती चॅनेल?
• मूळ स्टिरिओ ठेवायचा की बदलायचा?
• ट्वीटरचा एफएस किती? डीएसपी तिथपर्यंत कापतो का?
• एकूण आरएमएस वॅट किती, त्यासाठी वायर आणि फ्यूज कोणता?
• सेटिंग कोण करणार? त्याचे पैसे बिलात आहेत का?

शेवटचा प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा. "सेटिंग आपोआप होतं" असं उत्तर आलं तर त्या दुकानातून ॲक्टिव्ह सिस्टिम घेऊ नका, पॅसिव्ह सेट घेऊन घरी या. नीट बसवलेला पॅसिव्ह सेट हा चुकीच्या सेटिंगच्या ॲक्टिव्ह सिस्टिमपेक्षा केव्हाही चांगला वाजतो, आणि त्यातले ट्वीटरही टिकतात.